छत्रीशेगडी, पाखरांचं पाणी आणि पावत्या

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

नोव्हाय, मिशिगन
रविवार, २१ जानेवारी २००७

तीर्थस्वरूप चारूच्या बाबांस,

सौ. सुवर्णाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथं आल्यापासून दारात जे सामान येऊन पडलं त्याची यादी आधी देते, म्हणजे तुम्ही परसातल्या पायरीवर नीट टेकाल आणि मग पुढचं वाचाल. सिमेंटचं पाखरांचं पाण्याचं पसरट भांडं, खांबासकट, एक : चाळीस डॉलर (त्याचे आता दोन तुकडे आहेत, कसे ते खाली येईल). पोटात विजेची तार असलेलं तसलंच दुसरं भांडं : पंचावन्न. अंगणात लावायची जाड वायर : अठरा. माणसापेक्षा उंच, छत्रीसारखी गॅसची शेगडी : एकशे एकोणपन्नास. तिचा सिलिंडर : पंचेचाळीस. हाताची लाकडी खुर्ची, गादीसह, एक : एकोणनव्वद. सगळे मिळून तीनशे शहाण्णव, कर वेगळा. चव्वेचाळीसनं गुणलं तर सतरा हजार चारशेच्या वर जातात. मी दोनदा गुणून पाहिलं.

तुमची तब्येत कशी आहे? गुडघ्याला तेल लावता का? बाटली फडताळात वरच्या कप्प्यात डावीकडे आहे, मागे लपवलेली नाही, तुम्हीच शोधत नाही. इथं सर्व क्षेम. वीणा बरी आहे, अनया पहिलीत रमली आहे, चारूचं वजन वाढलं आहे. थंडी अशी आहे की सकाळी दार उघडलं की नाकातला श्वाससुद्धा परत आत जातो. तुम्ही म्हणाल, हे फोनवर सांगायचं की. सांगितलं असतं. पण तुमचं फोनवरचं बोलणं म्हणजे ‘जेवलो, गॅस आला, ठेव आता.’ तेही माझ्याशी. चारूचा आवाज आला की गेली दोन वर्षं तुमचं एकच वाक्य : ‘हिला देतो.’ आता मीच इकडे आल्यावर फोन द्यायचा कोणाला हे तुम्हाला सुचेना, तेव्हा गेल्या रविवारी तुम्ही तो विरजण मागायला आलेल्या शैलजावहिनींना दिलात! त्या बिचाऱ्या वाटी हातात धरून चारूशी पाच मिनिटं हवापाणी बोलल्या. चारू इकडे ‘हो काकू, हो काकू’ करत होता. नंतर हसला, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ तो ठेवलेल्या फोनकडेच बघत होता. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र कोणाच्या हातात देता येत नाही.

तर मूळ मुद्दा. दिवाळी झाली आणि एका शनिवारी चारू ते सिमेंटचं भांडं घेऊन आला. मी विचारलं, हे कशाला रे? म्हणाला, ‘असंच. पाखरांना.’ मला बरं वाटलं, कारण आपल्या परसातल्या भिंतीवर तुम्ही रोज सकाळी चहाआधी मातीच्या परळात पाणी भरता, ते ह्याच्या लक्षात असावं. घरात देव आहेत तसं दारात पाखरांचं पाणी असावं, माझी काही तक्रार नव्हती. पण पंधरा दिवसांत पाणी असं गोठलं की त्यावर खार बसून शेंगदाणा सोलू लागली, जणू पाट मांडून दिलाय. पाखरं यायची, चोच आपटायची, टक् आवाज व्हायचा आणि उडून जायची. मला ते बघवेना. स्नान-पूजा झाली की मी पातेलंभर उकळतं पाणी नेऊन त्यावर ओतू लागले. दोन दिवस बर्फ वितळलं. तिसऱ्या दिवशी (एकादशी होती, म्हणजे हेतू शुद्ध होता) पाणी ओतलं आणि फट्‌कन आवाज झाला. गोठलेलं सिमेंट नि वरून उकळतं पाणी! चाळीस डॉलर मधोमध दुभंगले. मी दोन्ही तुकडे जुळवून ठेवले आणि घरात येऊन जपाला बसले. चारूला संध्याकाळी दिसलंच.

ह्यानंतर जे झालं ते तुम्ही रागावून वाचाल, म्हणून आधी सांगते की कोणाला काही लागलेलं नाही. निघताना तुम्ही माझ्या बॅगेत टॉवेलात गुंडाळून पाणी तापवायचा रॉड ठेवला होतात. (मी नको म्हणत होते, वजन होतं म्हणून. तुम्ही म्हणालात, ‘असू दे, तिकडं गरम पाणी मिळतं न मिळतं.’ इथं नळाला चोवीस तास कढत पाणी आहे हो. पण मी तो काढून ठेवला नाही.) मी काय केलं, खांबावर आपली स्टीलची परात ठेवली, पाणी भरलं, रॉड आडवा घातला, पिन बदलायची ती ठोकळी लावली आणि भिंतीबाहेरच्या प्लगात खोचलं. इथं एकशेदहाच व्होल्ट असतात हे तुम्हीच सांगितलं होतंत, तेव्हा रॉड मंद तापेल, पाखरांना पुरे, असा माझा हिशेब. वीज मंडळातल्या वायरमनची बायको म्हणून थोडी घमेंडही होती. त्या प्लगाला एक बटण असतं, जराशी गळती झाली की ते आपोआप उडतं. ते उडालं. एवढ्यानं भागलं असतं, पण गॅरेजचं विजेचं दारसुद्धा त्याच ओळीवर निघालं. सोमवारची सकाळ. गाडी आत, चारू आत, ऑफिस बाहेर. तो आणि वीणा वीस मिनिटं फ्यूज शोधत घरभर फिरले. मला सगळं ठाऊक होतं आणि मी देवापुढे डोळे मिटून बसले होते. शेवटी वीणानंच परसात पाहिलं. म्हणाली, ‘आई, परातीत हे काय तळायला टाकलंय?’

मला वाटलं, चारू ओरडणार. अंगावर विजेची तार ओढून घेण्याचा प्रकार होता, आणि ह्या गोष्टीवरून लहानपणी तुम्ही त्याला एकदा थोबाडीत मारलेली त्याला आठवत असणारच. तो ओरडला नाही. रॉड हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, ‘हा बाबांनी दिला?’ मी म्हटलं, हो. मग त्यानं तो फडक्यानं पुसून गॅरेजमध्ये हत्यारांच्या भिंतीवर खिळ्याला टांगला. अजून तिथंच आहे. पान्हे, करवती आणि मधोमध आपला रॉड.

त्यानंतर त्यानं पाखरांच्या भांड्याचा अभ्यास सुरू केला. जेवताना, चहा घेताना, इंटरनेटवर तेच. ह्यात तीन जाती असतात म्हणे. एक, नुसती वेटोळी, आहे त्या भांड्यात सोडायची. स्वस्त, पण पाणी आटलं आणि ती उघडी पडली तर जळायची भीती, म्हणून आपोआप बंद होणारीच घ्यायची. दुसरी, उन्हावर चालणारी. वीज फुकट, पण इथं नोव्हेंबरपासून सूर्य रजेवर आहे. तिसरी, भांड्याच्या तळातच तार पुरलेली, वरून दिसत नाही, धुवायला सोपी, फुटत नाही. ह्या तीनमध्ये त्यानं दोन आठवडे घालवले. वीणा म्हणाली, ‘मला बघायला आला होतात तेव्हा पोहे संपायच्या आत होकार दिलात, आणि पाखरांच्या थाळीला पंधरा दिवस?’ चारू म्हणाला, ‘तेव्हा थर्मोस्टॅट बघायचा नव्हता.’ दोघंही हसले, पण मला वाटतं तिचं म्हणणं बरोबर होतं.

शेवटी तिसऱ्या जातीचं आलं. दीडशे वॅटचं. मी लगेच गणित केलं : दिवसरात्र चाललं तर साडेतीन युनिटच्या वर, म्हणजे रोजचे सोळा रुपये नुसते पाखरांवर. पण ते सारखं चालत नाही, गोठायची वेळ आली तरच चालू होतं. ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही, म्हणून तीन दिवस मी रोज सकाळी पाण्यात बोट घालत होते आणि ते गारच लागत होतं. भांडं खराब निघालं असं समजून मी पावती घेऊन चारूपुढे उभी राहिले. तो म्हणाला, ‘आई, त्यांना आंघोळीला बंब नाही तापवायचा. प्यायला पाणी हवं. गोठलं नाही म्हणजे झालं.’ मी परत जाऊन पाहिलं, खरंच, चहूकडे वीतभर बर्फ आणि मधे तेवढं थाळीभर पाणी हलतंय. गार, पण हलतंय.

आता पाखरं येतात. किती येतात म्हणून सांगू! कुंकवासारखं लालभडक एक येतं, बर्फावर बसलं की देव्हाऱ्यातलं फूल पडल्यासारखं दिसतं. त्याची बायको मातकट रंगाची, ती आधी पिते, तो कुंपणावर राखण करतो. (हे मी मुद्दाम लिहिलेलं नाही, सहज आठवलं.) पारव्यांची एक जोडी आहे, ती पाण्याच्या काठावर नुसती शेकत बसते. आणि एक चिमणीहून लहान, काळी टोपी घातलेलं, फांदीला उलटं लटकून काम करणारं. त्याला मी वायरमन म्हणते. अनया आधी माझ्याशी फार बोलायची नाही, मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत ‘ओके’ म्हणून पळायची. आता शाळेतून आली की बूट काढायच्या आधी विचारते, ‘आजी, वायरमन आला?’ ‘आला’सुद्धा मराठीतच म्हणते. काल तिनं मला विचारलं, तो उलटा का लटकतो? मी म्हटलं, तुझे आजोबापण असेच खांबावर लटकायचे, वादळात तारा तुटल्या की. तिनं डोळे मोठे केले. तुमच्याविषयी तिला मुख्य माहिती ही आहे.

पाखरांचं मला पटलं होतं. पण नंतर ती छत्रीशेगडी आली तेव्हा माझा संयम सुटला. उघड्यावर, बर्फात, आकाश तापवायची शेगडी! आपला सिलिंडर दोन महिने दोन वेळचा स्वयंपाक करतो, हिचा दहा तासांत संपतो. छपराखाली लावायची नाही, भिंतीपासून लांब ठेवायची, वाऱ्यात लावायची नाही, जरा कलली तरी आपोआप विझते, इतकी तिची सोवळी. तिच्या मागोमाग खुर्ची आली. बरं, घरात बसायला जागा नाही का? सहा खुर्च्या आहेत, सोफा आहे. ही नवी खुर्ची चारूनं पाखरांच्या भांड्याकडे तोंड करून, शेगडीपासून बरोबर मोजून ठेवली आणि तिच्यावर कोणी बसायचं नाही. दर रविवारी सकाळी तो शेगडी पेटवायचा, स्वतः बाजूच्या उलट्या बादलीवर बसायचा, आणि खुर्चीच्या गादीवर थर्मामीटर ठेवून दर दहा मिनिटांनी आकडा कागदावर लिहायचा. पायाशी किती, पाठीशी किती. मग खुर्ची वीतभर सरकवायची, पुन्हा आकडे. मी वीणाला हळूच विचारलं, ऑफिसमध्ये काही ताण आहे का गं ह्याला? ती म्हणाली, ‘आई, तुम्ही त्यांनाच विचारा ना.’ आणि सुनेनं असं म्हटलं की सासूनं विचारू नये, एवढं मला कळतं.

मी माझ्यापुरता निर्णय घेतला की ही शेगडी आणि ही खुर्ची परत करायची. इथं पावती दाखवली की साठ दिवसांत वस्तू परत घेतात, वापरलेलीसुद्धा, आणि तोंड वाकडं करत नाहीत. सगळ्या पावत्या मी माझ्या पोथीत घातल्या आहेत. मुदत फेब्रुवारीच्या पंचवीस तारखेला संपते. आणि आज सकाळपर्यंत माझा विचार ठाम होता.

आज सकाळी काय झालं ते ऐका. उद्या माघी गणेश जयंती. सोवळ्याचं लुगडं धुऊन वाळवायचं होतं. इथल्या यंत्रात ते सगळ्यांच्या मोज्यांबरोबर फिरवलेलं मला चालत नाही, आणि परसात दोरी बांधायला ह्या वसाहतीत बंदी आहे (शोभा जाते म्हणे). चारूनं रविवारची शेगडी पेटवलेली, थर्मामीटर मांडून तो आत चहाला आलेला. मी मनात म्हटलं, चला, दहा तासांतला अर्धा तास तरी देवाच्या कामी येऊ दे. लुगडं पिळून त्या खुर्चीवर पसरलं, उडू नये म्हणून पदर पाठीवरून वर घेऊन चिमट्यांनी अडकवला आणि जपाला आत गेले. तेवढ्यात वारा सुटला, शेगडी जराशी कलली आणि शिस्तीप्रमाणे आपोआप विझली. लुगडं जागच्या जागी गोठलं. पाठ टेकलेली, पदर डोक्यावरून घेतलेला, खालचा घोळ पायांसारखा लोंबतोय. म्हणजे हुबेहूब मी.

शेजारी वॉल्टर नावाचे गृहस्थ आहेत, ऐंशी वर्षांचे, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. एकटेच राहतात. त्यांनी खिडकीतून पाहिलं तर शेजाऱ्याची हिंदुस्तानी आई बर्फात खुर्चीवर ताठ बसलेली, हलत नाही. ते बिचारे घरातल्या सपाता तशाच पायात, हातात घोंगडी, बर्फ तुडवत, ‘मॅम! मॅम!’ ओरडत धावत आले आणि माझ्या लुगड्याला घोंगडी पांघरली. आवाज ऐकून आम्ही सगळे बाहेर. मी दारात उभी दिसल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा घोंगडीकडे, आणि छातीवर हात ठेवून बादलीवर बसले. मला इतकी लाज वाटली! लुगडं उचलायला गेले तर ते बसल्या आकारातच हातात आलं. अनया जमिनीवर लोळून हसत होती. वॉल्टरसुद्धा हसायला लागले, डोळे पुसत. त्यांना आत आणून आल्याचा चहा दिला आणि दोन बेसनाचे लाडू.

चहा पिता पिता त्यांनी बाहेर बोट दाखवून चारूला काही विचारलं. इंग्रजी मला कामापुरतं कळतं, मॅट्रिकला बावन्न मार्क होते. ते विचारत होते, की रोज पाहतो, कोणी बसत नाही, मग ही खुर्ची आहे तरी कोणाची? चारूनं पेल्यातून मान वर केली नाही. दोनच शब्द बोलला : ‘माय फादर.’

मी गॅस बारीक करायला म्हणून ओट्याकडे तोंड फिरवलं. गॅस बंदच होता. अनया माझ्याजवळ आली, तिला मी विचारलं, तुला ठाऊक होतं का गं? तर ही सहा वर्षांची म्हणते, ‘आजी, एव्हरीबडी नोज दॅट.’

मग मला एकेक आठवायला लागलं. मी निघताना तुम्ही म्हणाला होतात, ‘सहा महिने काचेच्या बरणीत लोणच्यासारखा मुरायला मी येणार नाही. मला सकाळी बाहेर बसून चहा लागतो, पाखरं दिसावी लागतात, तिथं काय आहे?’ हे तुम्ही मला म्हणालात. मी फोनवर चारूला सांगितलं, त्यात माझा हेतू इतकाच की त्यानं वाईट वाटून घेऊ नये, कारण थंडीचं आहे. त्याला ते कारण खरं वाटलं हो. तो इकडे बसून तुमच्या कारणाचा एकेक तुकडा दुरुस्त करत होता. पाखरं आणली. पाणी गोठू दिलं नाही. बाहेर बसायला जागा केली, पायाशी किती ऊब येते ते मोजलं, तुमचा गुडघा धरून. खरं कारण थंडीचं नाही हे मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. त्यानं इथं घर घेतलं त्या दिवशी फोनवर तुम्ही विचारलंत, ‘म्हणजे आता परत येणार नाहीस’, आणि तो काही बोलायच्या आत फोन माझ्या हातात दिलात. तो काय बोलणार होता हे तुम्ही अजून ऐकलेलं नाही. मीही नाही.

असो. फार लांबलं. तुम्ही विजेतले जाणते आहात, तेव्हा ह्या सर्व वस्तू ठेवाव्यात की परत कराव्यात ह्याविषयी आपलं मत कळवावं. परसातल्या परळात पाणी भरत असालच. ताक रात्री पिऊ नका.

आपली,
सौ. सुवर्णा

ता. क. : चारूनं तुमच्या नावानं आठ मार्चचं तिकीट नुसतं धरून ठेवलं आहे, पैसे भरलेले नाहीत. पंचवीस फेब्रुवारीला भरायचे किंवा सोडायचे, म्हणजे पावत्यांची तीच तारीख. व्हिसाची अडचण सांगू नका. माझ्याबरोबर मुंबईला येऊन तुम्हीही शिक्का मारून घेतलात, ‘नुसता असू दे’ म्हणून. तो रॉडही ‘असू दे’ म्हणूनच आला होता. मार्चमध्ये इथं बर्फ असतं, मी वॉल्टरना विचारलं. एप्रिलमध्ये आपण दोघं बरोबरच परत जाऊ.

आणखी एक ता. क. : वर लिहिलं आहे की सगळ्या पावत्या पोथीत आहेत. तसं नाही. खुर्चीची पावती मी आज दुपारी फाडली. एकोणनव्वद डॉलर गेले. खोटं लिहिलं म्हणून रात्री एक माळ जादा करीन, पण पान पुन्हा लिहायचं म्हणजे कागद वाया.

शेवटचं : ह्याचं उत्तर फोनवर नको, लगेच पोस्टानं पाठवा, दोन ओळी असल्या तरी चालतील. पत्ता पाकिटाच्या मागे चारूच्याच अक्षरात आहे, तो पाहून उतरवून काढा. फक्त वर माझं नाव घालू नका. त्याचं घाला.